स्वयंपाकाची विजेची शेगडी व घरांतील तारजोडणी

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांतूनहि विजेवर चालणाऱ्या इंडक्शन शेगड्या येऊं लागल्या आहेत. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील भांड्यांच्या दुकानांत त्या कुकरांच्या शेजारीं मांडलेल्या दिसतात, लग्नांत आहेर म्हणून दिल्या जातात, आणि पुण्यास नोकरीला असलेले चिरंजीव दिवाळीस येतांना एखादी आईकरितां घेऊन येतात. ईईएसएल या सरकारी कंपनीनेंहि सन २०२३ मध्यें अशा वीस लक्ष शेगड्या देशांत वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शेगडीची किंमत, तिच्या बटणांची संख्या व तिची हमी यांची चौकशी सर्वच करतात. ती ज्या तारेवर चालावयाची ती तार घरांत आहे कीं नाहीं, ही चौकशी विकणारा करीत नाहीं आणि घेणारासहि सुचत नाहीं. प्रस्तुत लेखकासहि ती सुचली नव्हती.

आमचें जुनें धाब्याचें घर पाडून विटांचें बांधलें त्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं. त्या वेळीं दिवे, पंखे व एक दूरदर्शन संच एवढाच विचार करून तारा घातलेल्या. पुढें ओट्यावर मिक्सरकरितां एक पांच भोकांचें सॉकेट बसविलें, आणि त्यास तार जवळच्या दिव्याच्या तारेंतूनच दिली. शेगडी आली तेव्हां तिचा जाड प्लग त्या सॉकेटांत बसेना; म्हणून बाजारांतून एक जोडप्लग, ज्यास लोक कन्व्हर्टर म्हणतात, तो आणून काम भागविलें. आठ दिवस सर्व ठीक चाललें. नवव्या दिवशीं सकाळीं दूध तापत असतां सूनबाईंस जळक्या रबराचा वास आला. बटण बंद करून पाहतों तों सॉकेट पिंवळें पडून एका बाजूनें वितळलेलें, व पाठीमागील तारेचें वेष्टण करपून गळून पडलेलें. मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. मीटरजवळ बसविलेली एमसीबी, जी अशा प्रसंगीं आपोआप पडावयाची म्हणून आपण निर्धास्त असतों, ती जागची हललीहि नव्हती. ती कां पडली नाहीं याचा उलगडा करून घेतांना जें समजलें तें शेतकरी बांधवांस उपयोगी पडेल असें वाटतें.

प्रथम शेगडीचा भार किती तें पाहूं. तिच्या तळाशीं चिकटविलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. सामान्यतः ते १२०० पासून २१०० पर्यंत असतात. आपण हिशेबाकरितां २००० वॅट, म्हणजे दोन किलोवॅट धरूं. आतां एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. यावरून दोन किलोवॅटची शेगडी म्हणजे सुमारें पावणेतीन अश्वशक्तीचा भार झाला. विहिरीवरील तीन अश्वशक्तीचा पंप दिव्याच्या तारेवर चालविण्याचें कोणाहि शेतकऱ्याच्या मनांत येणार नाहीं. परंतु स्वयंपाकघरांत आपण तेंच करीत असतों. किंबहुना त्याहून वाईट करतों. पंपास तीन फेज असतात व भार तिन्ही तारांत वांटला जातो. घरांत एकच फेज असल्यामुळें सर्व भार एका तारेवर येतो. २००० वॅटास घरच्या २३० व्होल्टांनीं भागिलें असतां ८.७ अँपिअर येतात. तीन अश्वशक्तीच्या पंपाच्या एका तारेंतून जितका प्रवाह वाहतो त्याच्या जवळजवळ हा दुप्पट आहे. पांच भोकांचें लहान सॉकेट मात्र ६ अँपिअरचें असतें. त्यावर तसा आंकडाच छापलेला असतो. आपण वाचीत नाहीं इतकेंच. शेगडीचा प्लग त्यांत बसत नाहीं ही गैरसोय नसून मुद्दाम केलेली तरतूद आहे, आणि जोडप्लग लावणें म्हणजे ती तरतूद मोडणें होय.

आतां वितळण्याचें कारण. विजेचा प्रवाह तारेंतून जातांना कांहीं उष्णता निर्माण होते. ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें कीं, ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि चौपट झाला तर सोळापट. तार सलग व चांगली असेल तर ही उष्णता तिच्या सर्व लांबीभर पसरते व निघून जाते. खरी अडचण सांध्याची आहे. सॉकेटाचा ढिला झालेला स्क्रू, पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, जोडप्लगांतील पातळ पितळी पट्टी, अशा ठिकाणीं प्रवाहास एका बिंदूवर अडथळा होतो. समजा हा अडथळा अर्ध्या ओहमाचा आहे. मिक्सर ५०० वॅटचा असला तर प्रवाह सुमारें सव्वादोन अँपिअर, आणि त्या सांध्यांत दोन-अडीच वॅट उष्णता होते. तेवढी कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणूनच तें सॉकेट आमच्या घरीं वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललें. त्याच सांध्यांतून शेगडीचे ८.७ अँपिअर गेले कीं उष्णता अडतीस वॅटांवर जाते. रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचें कथील वितळविण्याचें लोखंड साधारण पंचवीस वॅटचें असतें. तसलें दीड लोखंड भिंतीतील प्लास्टिकच्या डबींत ठेवून त्यावर रोज तास-दीड तास स्वयंपाक करावा, असा हा प्रकार झाला.

एमसीबी कां पडली नाहीं, हेंहि येथेंच कळतें. एमसीबी फक्त प्रवाह किती जात आहे एवढेंच पाहते. आमची १६ अँपिअरची होती. तिच्यांतून ९ सुद्धां जात नव्हते. सांधा भाजून निघत आहे हें तिला कळण्याचा मार्गच नाहीं. तिचें काम तारेचें अतिभारापासून व आंखडजोडीपासून रक्षण करण्याचें. सांध्याचें रक्षण स्क्रू आंवळणाऱ्याच्या हातांत असतें. ज्यांच्या घरीं अद्याप जुन्या पद्धतीचा किटकॅट फ्यूज आहे त्यांची स्थिति याहून बिकट आहे, कारण फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तारेचे दोनतीन पदर घालण्याची चाल सर्वत्र आहे. तसें केल्यावर फ्यूज जात नाहीं हें खरें. मग भिंतीतली तारच फ्यूजचें काम करते.

शेगडीकरितां मीटरजवळच्या मुख्य पेटींतून निघणारी स्वतंत्र तारजोडी घालावी, आणि तिच्यावर मध्यें दिवा, पंखा, फ्रीज यांपैकीं कांहींहि घेऊं नये. तार तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची असावी. स्वयंपाकघर मीटरपासून वीस मीटरांहून दूर असेल, अथवा पुढेंमागें विजेची भट्टी किंवा पाणी तापविण्याचा बंब त्याच बाजूस घेण्याचा विचार असेल, तर आतांच ४ चौरस मिलिमीटरची घालावी. भिंत दोनदां फोडावी लागत नाहीं. दिव्याच्या तारा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरच्या असतात, त्या या कामीं चालत नाहींत. जोडींत तीन तारा हव्यात: फेजची तांबडी, न्यूट्रलची काळी व अर्थिंगची हिरवी. पैसे वांचविण्याकरितां हिरवी गाळतात, त्याविषयीं पुढें येईल. टोकास १६ अँपिअरचें सॉकेट व तितक्याच अँपिअरचें बटण. मुख्य पेटींत या जोडीपुरती निराळी १६ अँपिअरची एमसीबी. बटण फेजच्या तारेवरच आलें पाहिजे, नाहींतर बटण बंद असतांहि शेगडीपर्यंत वीज पोंचलेली राहते. सॉकेट शेगडीच्या बरोबर वर नसावें, कारण वाफ व फोडणीचें तेल त्यांत जातें. नळाच्या जवळहि नसावें. बाजूस, ओट्यापासून हातभर उंचीवर असलें म्हणजे बरें. तारेवर आयएस ६९४ व प्लग-सॉकेटावर आयएस १२९३ हे आंकडे व आयएसआयची खूण पाहून घ्यावी. एक गोष्ट तारतंत्रीहि विसरतात: सॉकेटाचे स्क्रू महिनाभरानें मुख्य बटण बंद करून पुन्हां एकदां आंवळावे, कारण तापून व थंड होऊन ते थोडे सैल पडतात. प्लग नाहीं म्हणून तारेचीं टोकें सॉकेटांत खुपसून आगकाडीनें ठोकून बसविण्याची जी रीत आपल्याकडे वावरांत व लग्नमांडवांत दिसते, ती शेगडीच्या बाबतींत तर चुकूनहि अवलंबूं नये.

ज्यांच्या घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा आहेत त्यांनीं जास्त सावध असावें. ॲल्युमिनिअमवर हवेनें लवकर गंज धरतो, त्यांतून वीज सहजीं जात नाहीं, आणि स्क्रूखालीं हा धातु हळूहळू दबून सांधा आपोआप ढिला होतो. तांब्याची तार ॲल्युमिनिअमला पिळून जोडणें हें तर दुहेरी संकट आहे.

आतां अर्थिंगविषयीं. आपल्याकडे मीटर बसवितांना एक लोखंडी कांब भिंतीच्या कडेस ठोकतात, ती कोणी पुन्हां पाहत नाहीं. अर्थिंगचें काम असें कीं, उपकरणाच्या धातूच्या अंगास चुकून फेज लागली तर वीज माणसाच्या देहांतून न जातां तारेनें जमिनींत उतरावी. याकरितां कांबेचा व मातीचा संबंध घट्ट असावा लागतो. आपली काळी जमीन या बाबतींत मोठी दुटप्पी आहे. ओली असतां ती विजेस उत्तम वाट देते. मुरमाड जमिनीपेक्षां पुष्कळ चांगली. परंतु चैत्र-वैशाखांत ती आकसते, भेगा पडतात, आणि जी भेग आपण वावरांत पाहतों तीच कांबेच्या भोंवतींहि पडते. कांब मातीस टेकलेलीच राहत नाहीं. म्हणजे पावसाळ्यांत तपासून योग्य ठरलेलें अर्थिंग उन्हाळ्यांत निकामी होऊं शकतें. आयएस ३०४३ या मानकाप्रमाणें नळीचें अर्थिंग किमान अडीच मीटर लांबीच्या जस्तलेपित लोखंडी नळीचें, घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावें. भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर देण्याची जुनी पद्धत आहे. कोळसा ओल धरून ठेवतो. न्हाणीचें सांडपाणी जेथें मुरतें तेथें खड्डा घेतला तर वेगळें पाणी घालावें लागत नाहीं. एरवीं उन्हाळ्यांत आठवड्यास दोन घागरी ओताव्या.

अर्थिंगचा खड्डा खणण्याचे श्रम चुकविण्याकरितां कांहीं लोक सॉकेटाच्या वरच्या जाड भोकास, जें अर्थिंगचें असतें, आंतल्या आंत न्यूट्रलची तार जोडून देतात. दिवा लावून पाहिला तर तो लागतो, व मालकास अर्थिंग मिळाल्याचें समाधान होतें. परंतु न्यूट्रलची तार पुढें कोठें तुटली कीं उपकरणाचें सर्व धातूचें अंग फेजचें होऊन बसतें. असें काम कोणी करून दिलें असेल तर तें आजच काढून टाकावें.

पण चांगलें अर्थिंगहि एकटें पुरत नाहीं, आणि ही गोष्ट मला फार उशिरां कळली. समजा कांबेचा जमिनीशीं अडथळा २० ओहम आहे. खेड्यांतील साध्या कांबेस हा कांहीं मोठा नव्हे. फेज अंगास लागली असतां २३० व्होल्टांस २० नें भागून साडेअकरा अँपिअर जमिनींत जातील. १६ अँपिअरची एमसीबी इतक्या प्रवाहास पडणारच नाहीं. ती शांत बसेल, वीज जमिनींत वाहत राहील, मीटर फिरत राहील, आणि उपकरणाचें अंग दिवसभर धक्का देण्याच्या स्थितींत राहील. माणसाचा जीव जाण्यास तर अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. याकरितां आरसीसीबी नांवाचें निराळें यंत्र मुख्य पेटींत बसवावें लागतें. त्याचें काम आम्हां कचेरींतल्या लोकांस सहज समजण्यासारखें आहे. तहसिलींत संध्याकाळीं जमेची व खर्चाची बाजू जुळल्याशिवाय रोजकीर्द बंद होत नसे. हें यंत्र तोच जमाखर्च क्षणोक्षणीं जुळवितें: फेजच्या तारेनें जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलच्या तारेनें परत आला पाहिजे. घरगुती यंत्रास ३० मिलिअँपिअरपर्यंतचीच तूट सहन होते. तितकी तूट दिसली, म्हणजे तेवढी वीज माणसाच्या देहांतून किंवा भिंतींतून पळाली असें समजून, तें सेकंदाच्या अल्पांशांत दोन्ही तारा तोडतें. मात्र अतिभार झाला तर तें पडत नाहीं. तें काम एमसीबीचें. दोन्ही कामें एकत्र करणारें आरसीबीओ नांवाचें यंत्रहि मिळतें. आरसीसीबी घेतांना ३० मिलिअँपिअरचीच मागावी, आणि आयएस १२६४० हा आंकडा पाहावा.

कोणी म्हणेल, इंडक्शन शेगडीचें अंग बहुधा प्लास्टिकचें व वर कांच, तेथें धक्का कसला? कांच साबूत आहे तोंपर्यंत हें ठीक आहे. ती तडकली, व त्या भेगेंतून उतू गेलेलें दूध किंवा वरण आंत उतरलें, म्हणजे भांड्यापर्यंत वीज पोंचण्यास वाट होते. कांचेस केसाएवढी भेग दिसली तरी शेगडी त्याच क्षणीं बंद करावी.

घरांतील काम झालें कीं बिलाकडे पाहावें. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. आमच्या बिलावर तो अर्धा किलोवॅट होता. दिव्यापंख्यांचें घर तेवढ्यांत भागत असे. दोन किलोवॅटची शेगडी घेतल्यावर हा आंकडा खोटा ठरतो. भारवाढीचा अर्ज महावितरणच्या उपविभागांत, अथवा घरबसल्या त्यांच्या संकेतस्थळावरून करतां येतो. अशा एका शेगडीकरितां तीन फेजची जोडणी लागत नाहीं. एक फेज पुरते, मात्र खांबापासून मीटरपर्यंतची तार जीर्ण असेल तर ती बदलून घ्यावी. भार व वापर वाढल्यावर सुरक्षा ठेवहि वाढून मागतात, तिची तजवीज ठेवावी. दिवा, फ्यूज वा बटण बदलणें घरच्या माणसास चालतें. परंतु नवी तारजोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी असा नियम आहे, व त्याच्या सहीचा चांचणी अहवाल मागून घेऊन फायलींत ठेवावा. उद्यां आग लागून विम्याचा प्रश्न निघाला तर हाच कागद कामीं येईल.

आपल्यांपैकीं पुष्कळांचें राहणें गांवांत नसून वावरांत, शेतवस्तीवर असतें. तेथें घरगुती मीटर नसतो. पंपाची जोडणी मात्र असते. महाराष्ट्र शासनानें एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज देण्याची मुख्यमंत्री बळीराजा योजना लागू केल्यापासून, पंपाच्या पेटींतूनच एक जोडी शेगडीस ओढावी हा विचार मनांत येणें साहजिक आहे. तो विचार कृपा करून मनांतच ठेवावा. ती वीज पाणी ओढण्याकरितां दिलेली आहे. पंपाच्या खोलींतला एक दिवा वगळतां अन्य वापर मान्य नाहीं. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणें, ज्या कामाकरितां वीज मंजूर झाली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें हा अनधिकृत वापर होय, आणि त्याची आकारणी त्या वापरास लागू असणाऱ्या दराच्या दुपटीनें होते. अनधिकृत वापर केव्हांपासून सुरूं झाला हें ठरवितां आलें नाहीं, तर तपासणीच्या मागील बारा महिन्यांची आकारणी करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे. तारेवर आकडा टाकणें तर चोरीच ठरते. तिला कलम १३५ लागतें व त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. आमचा जन्म महसुलांत गेला. कागद लहान असतांना मिटविला नाहीं म्हणून पुढें त्याचें प्रकरण झालेलें मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

कायदा बाजूस ठेवला तरी ती वीज स्वयंपाकाच्या उपयोगाची नाहीं. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजचा पुरवठा ठराविक तासच असतो, आणि ते तास कधीं दिवसा तर कधीं रात्रीं येतात. तुरीचें वरण शिजविण्याकरितां कोणी रात्रीं दोन वाजतां उठणार नाहीं. वस्तीवर राहणारांनीं घरगुती वापराची निराळी जोडणी मागावी. ती मिळेपर्यंत गॅस किंवा चूल बरी.

गावठाणांतहि एक अडचण आहे, ती रोहित्राची, ज्यास आपण डीपी म्हणतों. समजा गांवाच्या एका भागास ६३ केव्हीएचें रोहित्र आहे व त्यावर साठ घरें आहेत. साठ घरांनीं संध्याकाळीं सात वाजतां एकदम दोन-दोन किलोवॅटच्या शेगड्या लावल्या तर भार १२० किलोवॅट होतो. रोहित्राच्या शक्तीच्या जवळजवळ दुप्पट. आज शेगड्या थोड्या आहेत म्हणून निभतें. व्होल्टेज उतरलें कीं इंडक्शन शेगडी आवाज करून बंद पडते व एखादा आंकडा दाखविते. तो तिचा दोष नव्हे. तारेच्या वेटोळ्याची जुनी शेगडी बंद पडत नाहीं, पण २३० चे १८० व्होल्ट झाले कीं तिची उष्णता एकदम शेंकडा साठांवर येते, कारण येथेंहि वर्गाचाच नियम लागतो. भारवाढीचे अर्ज रीतसर गेले तर रोहित्र वाढविण्याची मागणी कागदावर उभी राहते. अर्ज कोणीच केले नाहींत तर कार्यालयाच्या लेखीं गांवांत अद्याप दिवे व पंखेच आहेत.

याहून भयंकर प्रसंग न्यूट्रल तुटण्याचा. वादळांत फांदी पडून खांबावरील न्यूट्रल तुटली, तर दोन निरनिराळ्या फेजवरचीं घरें एकामागें एक जोडल्यासारखीं होतात आणि त्यांच्यामध्यें ४०० व्होल्ट येतात. ज्या घरीं भार जास्त त्या घरास कमी व्होल्ट, आणि ज्या घरीं दोनच दिवे चालू त्यास जास्त. म्हणजे एकाची शेगडी चालू असतां शेजाऱ्याचा दूरदर्शन संच जळतो. दिवे एकदम डोळे दिपतील असे प्रखर झाले, किंवा एका खोलींतले प्रखर व शेजारघरचे मंद झाले, तर कशाचीहि वाट न पाहतां मुख्य बटण पाडावें. व्होल्टेज वाढल्यावर आपोआप तार तोडणारें यंत्रहि मुख्य पेटींत बसवितां येतें. फ्रीज व शेगडी दोन्ही असणाऱ्या घरानें तें बसवावें.

शेवटीं खर्चाचा प्रश्न. एक लिटर पाणी उकळण्यास इंडक्शन शेगडीवर साधारण एक दशांश युनिट लागतें व तीनसाडेतीन मिनिटें जातात. १४.२ किलोच्या गॅसटाकींतील सर्व उष्णता मोजली तर ती सुमारें १८० युनिटांएवढी भरते. परंतु गॅसच्या ज्वाळेची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूनें निघून जाते, इंडक्शनमध्यें फारच थोडी जाते. तें वजा घालून ढोबळ हिशेब असा कीं, एक टाकी म्हणजे १३५ ते १४० युनिट. घरगुती वीजदराचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३०० पर्यंत. ज्यांचें घर महिन्यास ८० युनिट वापरतें व टाकीहि महिनाभरच पुरते, त्यांनीं सर्वच स्वयंपाक विजेवर नेला तर बिल २२० युनिटांवर जाईल. पैकीं पहिले शंभर पूर्वीच्याच दरानें, वरचे १२० चढ्या दरानें. वाढलेल्या १४० युनिटांपैकीं २० पहिल्या टप्प्यांत व १२० दुसऱ्या टप्प्यांत पडतात; म्हणून आपल्या बिलावरचा पहिल्या टप्प्याचा दर २० नें व दुसऱ्याचा १२० नें, त्यांतील वहन आकार धरून, गुणावा, आणि बेरीज टाकीच्या आजच्या किंमतीशीं ताडून पाहावी. दर आयोगाच्या आदेशानें बदलत असल्यामुळें हा गुणाकार ज्याचा त्यानें करावयाचा आहे.

भांड्यांचेंहि पाहावें लागतें. फॅरडेनें १८३१ सालीं जो चुंबक व विजेचा संबंध शोधून काढला त्यावर ही शेगडी चालते. कांच स्वतः तापत नाहीं, लोखंडी बुडाचें भांडें तापतें. बुडास लोहचुंबक चिकटला तर तें भांडें चालेल. पितळेचें पातेलें, साध्या ॲल्युमिनिअमचा कुकर व मातीचें गाडगें चालत नाहीं. लोखंडी तव्यावर भाकरी भाजली जाते, पण ती निखाऱ्यापुढें उभी करून फुगविण्याची सोय नाहीं, आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसास ही उणीव पहिल्याच दिवशीं कळते. घरांतल्या लहान इन्व्हर्टरवर शेगडी चालेल अशी समजूतहि करून घेऊं नये. तो आठनऊशें वॅटचा, शेगडी दोन हजारांची. म्हणून गॅसची टाकी परत करण्याची घाई नको.

आमच्या घरीं आतां मुख्य पेटींतून नवी जोडी आलेली आहे. दूध, चहा, वरण व भात शेगडीवर होतात, भाकरी गॅसवर. आरसीसीबीवर टी अक्षराचें एक लहान बटण असतें. तें दाबलें असतां यंत्र पडावयास पाहिजे. महिन्याच्या पहिल्या तारखेस, बिलाची तारीख पाहतांना, मी तें दाबून पाहतों. पडलें तर पुन्हां वर करून ठेवतों. ज्या दिवशीं पडणार नाहीं त्या दिवशीं शेगडी बंद ठेवून तारतंत्र्यास बोलावणें पाठवावयाचें, असें घरांत सर्वांस सांगून ठेवलेलें आहे.